गुकसाहेब आणि गुलाबी गाठोडं

आमच्या सोलमोक गावात गुक जोंग-मान यांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि गुकसाहेबांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असाही माणूस नाही. त्यांची रीतच तशी आहे. आधी संशय घ्यायचा, तो फिटला की ओळख वाढवायची. माझी त्यांची ओळख अकरा वर्षांची आहे, पण ती वाढलेली नाही.

वय सदुसष्ट. अंगकाठी दोरीवर वाळत घातलेल्या मासळीसारखी, आणि डोळे मात्र त्याच मासळीवर टपलेल्या मांजराचे. एकतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होते. दक्षिणेकडच्या, प्रत्येक स्टेशनाला मान देत जाणाऱ्या संथ गाड्यांमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर आमच्या प्राथमिक शाळेच्या फाटकावर राखणदार म्हणून लागले. शाळेनं त्यांना पिवळं जाकीट, शिट्टी आणि बसायला काचेची एक टपरी दिली. संशय ते घरून घेऊन आले.

"माणसाचा चेहरा बघू नये, योमसर," ते मला सांगतात. योम म्हणजे मी. "चेहरा सगळ्यांचाच सभ्य असतो. हात बघावा. खिशाकडे जातोय की खिशापासून लांब जातोय."

बिनतिकिटाचा प्रवासी ओळखायच्या त्यांच्या तीन खुणा होत्या. जो जरा जास्तच गाढ झोपलाय तो. जो खिडकीबाहेरची भातशेती पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघतोय तो. आणि जो तपासनिसाकडे बघून स्वतःहून आधी हसतो तो. "तिसरा तर नक्कीच," ते म्हणत. "तिकीट असलेला माणूस कशाला हसेल? त्यानं पैसे मोजलेत."

हवामानखात्यानं ऊन सांगितलं की ते छत्री आणतात. सकाळी मुलांच्या दुधाचा टेम्पो आला की एक पुडा कानाशी धरून हलवतात. काय ऐकतात कोण जाणे, पण दूधवाला तेवढा वेळ श्वास रोखून उभा असतो. शाळेची घंटा आणि त्यांचं घड्याळ यांत एक मिनिटाचा फरक आहे, आणि अकरा वर्षं त्यांचा घंटेवर संशय आहे. पोरांना मात्र हा माणूस आवडतो. "फाटकआजोबा, आज मी गृहपाठ केलाय!" असं ओरडत पोरं आत घुसतात, आणि फाटकआजोबा म्हणतात, "ओरडून का सांगतोस? दाखव." गावातल्या निम्म्या पोरांचा गृहपाठ या एका वाक्यामुळे होतो.

आता मी या गोष्टीत कुठे येतो ते सांगतो, कारण दुर्दैवानं मी येतो.

दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हा शिक्षकांमध्ये कामं वाटली जातात. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी माझी दाढ काढायची होती. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन आलो, तर माझ्या टेबलावर इंग्रजी ठेवलेलं. मी संगीत शिकलेला माणूस. पण गैरहजर माणसाला नको असलेलं काम द्यायचं ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे, आणि मीसुद्धा ती इतरांच्या बाबतीत आनंदानं पाळत आलेलो.

इंग्रजीबरोबर परदेशी शिक्षक येतो. तो शिक्षण कार्यालयाकडून येतो, एका वर्षाच्या करारावर. त्याला बसस्टँडवरून आणायचं, खोलीतला गॅस सुरू करून द्यायचा, सर्दी झाली तर दवाखान्यात न्यायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला सगळं सांगायचं. हे सांगणं सर्वांत अवघड. कारण आमच्या शाळेत कोणी कोणाला काहीच सांगत नाही. सभा आहे हे आम्हाला सभेच्या खोलीबाहेर सपाता दिसल्या की कळतं. मुख्याध्यापिका रागावल्या आहेत हे त्या सपाता कशा काढून ठेवल्यात त्यावरून कळतं. इथं जन्मलेल्या माणसाला एवढं पुरतं. परदेशातून आलेल्या माणसानं सपाता वाचायला कुठे शिकायचं?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लेराटो मोक्वेना आली. दक्षिण आफ्रिकेची, सव्वीस वर्षांची, उंच, दोन बॅगा आणि एक मोठं पातेलं घेऊन. मी तिला फाटकातून आत आणलं. तिनं गुकसाहेबांना बघितलं आणि ती तोंडभर हसली. वर कमरेतून इतकी वाकली की तेवढी ती नंतर मुख्याध्यापिकांसमोरही वाकली नाही.

गुकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"हसली."

"अहो, मग चांगलंच आहे की."

"आधी हसली, योमसर. माझ्या आधी."

आता गुकसाहेब शेवटचे कधी हसले ते कोणालाच आठवत नाही, तेव्हा त्यांच्या आधी न हसायचं तर पोरीनं किती वर्षं थांबायचं, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण मी तो गिळला.

मे महिन्यात शाळेच्या स्थापना दिनाची सुट्टी होती. मी मुलांना सांगितलं, फळ्यावर लिहिलं, शिक्षकांच्या गटावर निरोप टाकला. सगळं आमच्या भाषेत. लेराटोला सांगायचं राहिलं. ती आठ वाजून वीस मिनिटांनी, बगलेत चित्रांची कार्डं घेऊन, बंद शाळेत हजर. आणि गुकसाहेबही हजर, कारण उघड्या शाळेपेक्षा बंद शाळेवर त्यांचा संशय जास्त. मी त्या वेळी समुद्रात गळ टाकून बसलो होतो. दीड तासानं फोन उचलला आणि धावत आलो, तर दोघं टपरीत समोरासमोर बसलेली. मध्ये उकडलेल्या चेस्टनटची वाटी. दोघांपैकी कोणीही एकही खाल्लेला नव्हता.

"विचारा तिला," गुकसाहेब म्हणाले, "शाळा बंद असताना शाळेत कोण येतं?"

"तुम्ही आलात."

"मी राखायला आलो. ती?"

"ती शिकवायला आली असेल हो."

"कोणाला?"

फाटकावरच्या वहीत त्या दिवशीची नोंद आजही आहे: आगमनाचं कारण, शिकवणे. विद्यार्थी, शून्य. शेरा, संशयास्पद.

लेराटोची खोली बंदरामागच्या बोळात होती. शेजारी हेनामवाली आजी. तिचं खरं नाव पोस्टमनलाही धड ठाऊक नाही. बावन्न वर्षांपूर्वी हेनामहून लग्न होऊन आली, तेव्हापासून हेनामवाली. मुलगा-सून शहरात कामाला, नात आमच्या शाळेत पाचवीत, आणि शाळेच्या कागदावर पालक म्हणून आजीच. ही आजी पहिले सहा महिने लेराटोशी एक शब्द बोलली नाही. कुंपणाच्या भिंतीवरून नुसतं डोकं दिसे. परकी पोर कचरा कुठल्या दिवशी टाकते, चादर कशी झटकते, रात्री कोण येतं-जातं, सगळं तपासून झालं. शरद ऋतूच्या सणाला बोळात शुकशुकाट झाला, जो तो आपापल्या माणसांत गेला, आणि लेराटो एकटी पायरीवर बसलेली आजीला दिसली. तेव्हा कुठे भिंतीवरून किमचीचं, म्हणजे तिखटात मुरवलेल्या कोबीचं, एक भांडं आलं. स्टीलचं, एका बाजूला पोचा पडलेलं, गुलाबी रुमालात बांधलेलं.

सुट्टीनंतर ते भांडं स्वच्छ घासून लेराटोनं माझ्यासमोर आणलं. "याचं आता काय करू?"

इतक्या दिवसांत प्रथमच तिनं मला असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर मला येत होतं. माझी छाती फुगली. "रिकामं भांडं परत द्यायचं नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे नाहीच देत. कधीच नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही," असं म्हणून मी व्हॉलीबॉल खेळायला गेलो. बुधवार होता. बुधवारी दुपारी आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत शिक्षक भेटत नाहीत. सगळे जाळीच्या दोन बाजूंना असतात. लेराटोही आली, आणि तिनं मारलेला एक चेंडू शेजारच्या लसणाच्या शेतात गेला. आमच्या मुख्याध्यापिका बांगबाई त्या चेंडूच्या दिशेनं बराच वेळ भक्तिभावानं बघत राहिल्या. शेजारच्या माध्यमिक शाळेनं आम्हाला सलग सात वर्षं हरवलेलं आहे.

तर लेराटोनं ते भांडं भरलं. पातेल्यात वाफवलेला मक्याचा पाव त्यात घालून परत दिलं. आता आजीच्या घरी भांडं आलं, ते भरलेलं. मग आजीनं कोबीऐवजी मुळ्याची किमची पाठवली. लेराटोनं पिठाचे गोळे तळले, मधात बुडवले. आजीनं खेकडे मुरवले. लेराटोनं दालचिनी घालून दुधाचं काहीतरी पिवळं, थरथरणारं केलं. संध्याकाळी लेराटो बंधाऱ्यावर पळायला जाई, आणि आजी आठालाच झोपे, त्यामुळे गाठ पडायची जागा एकच: शाळेचं फाटक. गुरुवारी सकाळी आजी नातीला सोडायला येई, तेव्हा गुलाबी गाठोडं आत जाई. सोमवारी दुपारी नातीला न्यायला येई, तेव्हा बाहेर येई.

गुकसाहेबांच्या टपरीच्या काचेवर सरकारी सूचना चिकटवलेली आहे: पालकांनी शिक्षकांना काहीही देऊ नये. काहीही म्हणजे डब्यातली कॉफीसुद्धा नाही. आणि काचेपलीकडून दर आठवड्याला गाठोडं.

"यात काय आहे?" त्यांनी एकदा आजीला अडवलं.

"तुला कशाला? बायकोनं उपाशी पाठवलं का आज?"

"नियम आहे, आजी. विचारावं लागतं."

"एकतीस वर्षं लोकांचे खिसे चाचपलेस, आता म्हातारीची गाठोडी चाचप. सरक तिकडे!"

गाठ घट्ट होती. गुकसाहेबांना आतलं दिसेना. मग ते वास घेऊन लिहायला लागले.

नोव्हेंबर उजाडला आणि शिक्षण कार्यालयाकडे एक निनावी तक्रार गेली. सोलमोक प्राथमिक शाळेतील परदेशी शिक्षिका पालकाकडून रोज गाठोडं स्वीकारते, चौकशी व्हावी. बांगबाईंनी मला बोलावलं. सपाता दाराबाहेर एक इकडे, एक तिकडे पडलेल्या होत्या.

"योमसर, तिच्या कराराचं नूतनीकरण महिनाअखेरीच्या आत पाठवायचंय," त्या म्हणाल्या. "चौकशी असताना पाठवता येत नाही. चौकशीत काही निघालं तर पाठवताच येणार नाही. करार संपला की व्हिसा संपला. फेब्रुवारीत तिला बॅगा भराव्या लागतील."

"पण बाई, ते नुसतं..."

"वसंतात माध्यमिकवाल्यांशी सामना आहे," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

मी लेराटोला सांगितलं. ती बराच वेळ कार्डांची चवड सारखी करत बसली. मग म्हणाली, "पहिलं वर्ष सगळं समजून घेण्यातच गेलं. शिकवायचं आता कुठे जमायला लागलंय. पाचवीची मुलं आता मला उलटे प्रश्न विचारतात. मला अजून एक वर्ष हवं होतं." त्या दिवसापासून तिचं हसणं बंद झालं. फाटकातून खाली मान घालून यायची, खाली मान घालून जायची.

गुकसाहेब अस्वस्थ. "हसत का नाही ती?"

"तुम्हालाच हसण्याचा संशय होता ना?"

"न हसण्याचा जास्त येतोय," ते म्हणाले.

तक्रार कोणी केली? शिक्षकांच्या खोलीत कोणीही मोठ्यानं बोललं नाही, पण जेवणाच्या वेळी गुकसाहेबांच्या टेबलावर कोणी बसेना. वाढणाऱ्या बाईनं त्यांच्या ताटात सूप ओतलं ते मासा चुकवून. तीन दिवस त्यांनी सोसलं. चौथ्या दिवशी ताट घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी निनावी लिहीत नाही. मी लिहितो त्याच्याखाली सही असते, शिक्का असतो आणि वेळ असते. ज्यांनी लिहिलं ते इथेच जेवतायत." एवढं बोलून खाली बसले. झालं, मग त्या दिवशी कोणाच्याच घशाखाली घास उतरला नाही. जो तो दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता. मी माझे हात टेबलाखाली घेतले आणि तेही त्यांनी बघितलं.

चौकशीला शिक्षण कार्यालयातून प्योबाई आल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, एक छोटा संगणक आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. बांगबाईंनी चहा विचारला तर म्हणाल्या, "नको, मी माझं पाणी आणलंय. उगाच चर्चा नको." मुख्याध्यापिकांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या, एका बाजूला लेराटो आणि मी, मध्ये ते पोचा पडलेलं भांडं आणि घडी केलेला गुलाबी रुमाल. भांडं त्या आठवड्यात लेराटोकडे होतं. ते रिकामं द्यायची तिची हिंमत नव्हती, आणि भरून द्यायची आता सोय नव्हती.

"फाटकावरची वही कोणाकडे असते?" प्योबाईंनी विचारलं.

गुकसाहेब वही घेऊन आले. पिवळं जाकीट काढून, रेल्वेतला जुना कोट घालून आले होते. उभ्यानंच वाचायला लागले.

"ऑक्टोबर, पहिला गुरुवार. आठ वाजून बत्तीस. गुलाबी गाठोडं, गोल. वास लसूण. आत. संशयास्पद. पुढचा गुरुवार. आठ एकतीस. तेच गाठोडं. वास खेकडा. आत. संशयास्पद. त्यापुढचा गुरुवार. आठ तेहेतीस. वास तिळाच्या तेलाचा..."

प्योबाईंची बोटं टकाटक चालत होती. प्रत्येक नोंदीला लेराटो खुर्चीत थोडी थोडी लहान होत होती. भाषा तिला पुरती कळत नव्हती, पण 'संशयास्पद' हा शब्द तोवर तिला पाठ झाला असावा. बांगबाईंनी डोळे मिटले होते. मी गुकसाहेबांच्या पायावर पाय द्यायचा प्रयत्न केला. त्यांनी पाय मागे घेतला आणि वाचत राहिले.

"म्हणजे एवढ्या वेळा शिक्षिकेनं पालकाकडून वस्तू स्वीकारली," प्योबाई म्हणाल्या. "पुरे. बसा तुम्ही."

"अजून पुरं वाचलेलं नाही," गुकसाहेब म्हणाले.

"एवढं पुष्कळ आहे."

"हे आत येणारं होतं. बाहेर जाणारं वेगळ्या पानावर आहे." त्यांनी पान उलटलं. "सोमवार, दुपारी दोन चाळीस. तेच गाठोडं. बाहेर. वास मक्याचा. संशयास्पद. पुढचा सोमवार, दोन बेचाळीस. बाहेर. वास मधाचा. संशयास्पद. शाळेचं सामान बाहेर जात असावं म्हणून लिहून ठेवलं होतं," त्यांनी खुलासा केला. "साखरेचा डबा तपासला. तो जागेवर होता."

प्योबाईंची बोटं थांबली. "बाहेर म्हणजे कोणाकडे?"

तेवढ्यात दार उघडलं. पालक म्हणून आजीलाही बोलावलं होतं. ती सपाता न घालता, मोज्यांवरच थेट आत आली. भांडं दिसताच तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "सापडलं का एकदाचं! अगं पोरी, हे रिकामं पाठव ना गं! दोन महिने झाले. दर वेळी वाटतं, या खेपेला रिकामं येईल आणि सुटेन. उघडून बघते तर भरलेलं! भरलेलं आलं की मला भरावं लागतं. कंबर मोडली माझी. हिवाळ्याची किमची घालायचीय, शंभर कोबी अंगणात पडलेत, आणि मी हिच्यासाठी खेकडे सोलतेय!"

मी लेराटोला हे सांगितलं. ती खुर्चीतून उठलीच. "पण रिकामं द्यायचं नाही ना! दर रविवार माझा त्यातच जातो. भूक लागलेली असते, पण आधी भांडं भरते. मला वाटलं, आजींना हवं असतं!"

"तिला कोणी सांगितलं हे?" प्योबाईंनी विचारलं.

लेराटोनं माझ्याकडे बघितलं. मग आजीनं बघितलं. मग बांगबाईंनी. शेवटी गुकसाहेबांनी मान वळवली, आणि एकतीस वर्षं बिनतिकिटाच्या प्रवाशांवर रोखलेली ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

"कधीच नाही, असं सांगितलंत?" ते म्हणाले.

"सांगितलं."

"तीन संत्री घालून दिली की प्रकरण मिटतं, हे नाही सांगितलंत?"

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं की एकदा-दोनदा झालं की तीन संत्री, नाहीतर मूठभर गोळ्या भांड्यात टाकायच्या. समोरचा समजतो. सपातांसारखंच हे. कोणी कोणाला सांगत नाही. मी तिला अर्धीच रीत सांगून खेळायला गेलो होतो.

"माझ्या सासूबाईंच्या शेजारणीचं भांडं माझ्याकडे दोन वर्षं आहे," प्योबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "परत न्यायची भीती वाटते." मग सावरून बसल्या. "पण मला अहवाल लिहायचाय. हे शेजारपण होतं की शिक्षिकेला दिलेली भेट? रोज बघणारा त्रयस्थ माणूस तुम्ही एकटे. तुमचं मत लेखी लागेल. तुमच्या वहीत तर प्रत्येक ओळीला संशयास्पद लिहिलंय."

गुकसाहेब भांड्यापाशी गेले. ते उलटं केलं. बुडाला लाल रंगानं 'हेनाम' असं रंगवलेलं होतं, गावजेवणात भांडी बदलू नयेत म्हणून सगळेच रंगवतात तसं.

"लाच देणारा भांड्यावर आपलं नाव घालत नाही," ते म्हणाले. "आणि परत तर मुळीच मागत नाही. शिवाय स्वयंपाकघरामागे दुसरं फाटक आहे. तिथं कोणी नसतं. लपवायचं असेल तो तिकडून जातो. या दोघी दर खेपेला माझ्या काचेसमोर येऊन उभ्या राहायच्या. मी नाक लावायचो तरी रस्ता बदलला नाही त्यांनी."

"मग लिहा तसं."

त्यांनी पेन घेतलं. लेराटो त्यांच्या हाताकडे बघत होती. बहुधा त्यांच्याकडूनच शिकली असावी. 'संशय' हा शब्द त्यांनी सपकन लिहिला. त्यात हात बसलेला होता. मग पेन थांबलं. घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. त्यांनी एकदा लेराटोकडे बघितलं, एकदा आजीच्या कंबरेकडे, एकदा माझ्याकडे, आणि माझ्याकडे बघून काम आणखी लांबलं. शेवटी एकेक अक्षर खोदल्यासारखं त्यांनी पुढे लिहिलं, 'नाही'. खाली सही केली, शिक्का मारला, वेळ घातली. कपाळाला घाम आला होता.

अहवालाला नऊ दिवस लागले. नोव्हेंबर संपायला दोन दिवस असताना तो आला: दोष नाही, मात्र शाळेच्या फाटकातून भांड्यांची देवघेव बंद करावी. त्याच दुपारी बांगबाईंनी नूतनीकरणाचा कागद पुढे केला, आणि लेराटोनं मैदानातच, चेंडू पायाखाली दाबून, सही केली. आणखी एक वर्ष. फाटकातून जाताना तिनं टपरीच्या काचेवर हळूच बोट वाजवलं. गुकसाहेबांनी आतून मान हलवली. ती किती हलली हे मोजायला आमच्या शाळेत साधन नाही. पण हलली, मी बघितली. तक्रार कोणी लिहिली ते आजवर कळलेलं नाही. गुकसाहेबांचा संशय माझ्यावर आहे.

राहिलं भांडं. प्योबाईंनी ते 'पुराव्याची वस्तू' म्हणून फाटकावर जमा केलं होतं, मालकाला परत करावं अशी चिठ्ठी लावून. लेराटोनं ते न्यायची सोय नव्हती. मी नेतो म्हटलं तर गुकसाहेब म्हणाले, "तुम्ही नका हात लावू." त्यांनी स्वतः बाजारात जाऊन, एकेक हुंगून, तीन संत्री घेतली, भांड्यात ठेवली, रुमाल बांधला आणि बंदरामागच्या बोळात गेले.

अर्ध्या तासानं परत आले ते धुमसत.

"काय झालं?" मी विचारलं. "घेतलं ना आजीनं?"

"घेतलं! दार अर्धंच उघडलं. म्हणते, तू का आलास? कोणी पाठवलं? आत काय घातलंस? संत्री बाहेर काढून एकेक वास घेतला, योमसर. माझ्यासमोर! मग भांडं उलटं करून नाव बघितलं, तिचंच आहे की नाही म्हणून. आणि म्हणते कशी, 'तुला काय हवंय माझ्याकडून? बायकोला ठाऊक आहे का तू इथं आलास ते?' आणि धाडकन दार लावलं."

त्यांनी जाकीट चढवलं, शिट्टी गळ्यात अडकवली आणि टपरीत जाऊन बसले. पण राहवेना, म्हणून काच सरकवून डोकं बाहेर काढलं.

"अहो, इतका संशयी स्वभाव माणसाचा असू नये."

मी माझे हात त्यांना नीट दिसतील असे समोर धरून उभा राहिलो.